हजेरीचे दोन अर्थ

शाळेच्या स्मरणिकेत पायाभरणीच्या, गुरुजनांच्या आणि गुणवंतांच्या आठवणी लिहाव्यात असा प्रघात आहे. त्या या अंकात इतरत्र आहेतच. मला मात्र ज्या काळात ही वास्तू रिकामी होती, त्या काळाविषयी काही लिहावयाचे आहे. मार्च २०२० मध्ये वसतिगृहातील मुलांनी आपापल्या पेट्या बांधल्या आणि ती गावी गेली. पंधरा दिवसांत परत यायचे आहे, असे आम्हीच त्यांना सांगितले होते. त्यानंतर नोव्हेंबर २०२० मध्ये नववी ते बारावीचे आणि जानेवारी २०२१ मध्ये पाचवी ते आठवीचे वर्ग राज्यात काही ठिकाणी उघडले, पुन्हा मिटले. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी शाळा खऱ्या अर्थाने पुन्हा सुरू होईपर्यंत आपली शाळा मोबाइलच्या पडद्यावर भरत होती. २०२१ साली दहावीला असलेल्या मुलांची तर बोर्डाची परीक्षाच झाली नाही. अंतर्गत मूल्यमापनावर त्यांचा निकाल लागला.

त्या काळाची चर्चा आपण नेटवर्क, रिचार्ज आणि बुडालेला अभ्यासक्रम यांच्या हिशेबात केली. ती आवश्यक होती. पण एक प्रश्न आपण स्वतःला विचारला नाही. त्या वर्गात मुलांना स्वातंत्र्य मिळाले, की त्यांच्यावरचा पहारा वाढला? आणि त्यांनी त्या दोहोंचा अनुभव कसा घेतला? आज शाळा सुरळीत चालू असताना हा प्रश्न कशासाठी, असे कोणी म्हणेल. परंतु ऑनलाइन वर्ग गेलेले नाहीत. सुटीतले जादा तास, स्पर्धापरीक्षांची शिकवणी, पालकसभा हे सारे पडद्यावर चालते. शिवाय त्या दीड वर्षात आम्हा शिक्षकांना ज्या सवयी लागल्या, त्या आम्ही खडू-फळ्याच्या वर्गातही घेऊन आलो आहोत.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला या प्रश्नाकडे एका साध्या शब्दातून पाहावेसे वाटते. तो शब्द म्हणजे ‘हजेरी’. आपल्या समाजाच्या इतिहासात या एकाच शब्दाला दोन परस्परविरुद्ध अर्थ आहेत.

पहिला अर्थ साताऱ्याचा. ७ नोव्हेंबर १९०० रोजी तेथील सरकारी शाळेच्या पटावर भिवा रामजी आंबेडकर हे नाव नोंदले गेले. तो दिवस आज राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. ज्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या अक्षरापासून दूर ठेवल्या गेल्या, त्यांच्या लेकराचे नाव पटावर लागणे आणि त्याने ‘हजर’ म्हणून उत्तर देणे, ही एक क्रांतीच होती. मात्र पटावर नाव लागले म्हणून वर्गात जागा मिळाली, असे झाले नाही. बसायला घरून नेलेले गोणपाट आणि पाणी प्यायचे तर शिपाई नळ सोडेपर्यंत वाट पाहणे, हा अनुभव बाबासाहेबांनी स्वतःच लिहून ठेवला आहे. म्हणजे हजेरी हा हक्क आहे, पण पटावरची हजेरी आणि वर्गातली जागा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपण तेव्हापासून जाणतो.

दुसरा अर्थ १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा. या कायद्याने माणसाच्या कृतीवरून नव्हे, तर जन्मावरून त्याला गुन्हेगार ठरवले. नोंद झालेल्या माणसांना ठरल्या वेळी अधिकाऱ्यासमोर उभे राहून हजेरी द्यावी लागे. परवान्याविना हद्दीबाहेर पाऊल टाकता येत नसे. हा कायदा रद्द व्हायला १९५२ साल उजाडले. आपल्या वसतिगृहात पारधी, कैकाडी समाजांतील मुलेही शिकली आहेत. त्यांच्या पणजोबांच्या पिढीसाठी हजेरी म्हणजे शाळा नव्हती; ती रोजची मानहानी होती.

पहिली हजेरी म्हणते, तू येथे आहेस आणि ही जागा तुझी आहे. दुसरी म्हणते, तू निसटला नाहीस ना, हे मला पाहू दे. ऑनलाइन वर्गात या दोन्ही हजेऱ्या एकाच पडद्यावर आल्या आणि आम्ही शिक्षकांनी पुष्कळदा दुसरीलाच पहिली समजून घेतले.

माझी स्वतःची चूक प्रथम सांगतो. नववीतील तीन मुले एकाच वस्तीवरची होती. त्यांपैकी एकाच मुलाचे नाव रोज पडद्यावर दिसे. उरलेल्या दोघांना मी जवळजवळ तीन आठवडे गैरहजर मांडले आणि घरी कडक शब्दांत निरोप पाठवला. त्यांतल्या एकाचे वडील गवंडीकाम करतात. त्यांचा फोन आला. “सर, तिघंबी एकाच फोनवर बसत्यात. माझं पोरगं रोज हाय की तिथं.” एका नावाखाली तीन मुले माझ्या वर्गात बसली होती. त्यांनी माझा प्रत्येक तास ऐकला होता आणि माझ्या नोंदवहीत त्यांतली दोन मुले अस्तित्वातच नव्हती. यंत्र खाती मोजत होते, मुले नव्हे. यंत्राला तेवढेच कळते. परंतु मलाही तेवढेच कळावे, याची लाज मला आजही वाटते.

हा अपवाद नव्हता. टाळेबंदीपूर्वीच्या, म्हणजे २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणानुसार देशातील ग्रामीण भागात शंभरांतील जेमतेम पंधरा घरांत इंटरनेटची सोय होती, शहरांत बेचाळीस घरांत. संगणक तर ग्रामीण भागातील शंभरांत चार-पाच घरांत होता. अशा देशात ‘प्रत्येक मुलाचे स्वतंत्र खाते’ हे गृहीत धरून हजेरी घेणे म्हणजे साधन नसलेल्याला शिस्तीचा गुन्हेगार ठरवणे होते.

मग कॅमेऱ्याचा प्रश्न. कॅमेरा चालू ठेवलाच पाहिजे, असा दंडक अनेक शाळांनी घातला होता. आम्हीही काही महिने घातला. हेतू वाईट नव्हता. मूल समोर दिसावे, इतकेच शिक्षकाला हवे असते. पण निवासी शाळेचे तत्त्वज्ञान आपण त्या वेळी विसरलो. आपल्याकडे सर्वांना एकच गणवेश, एकच ताट, एकच पलंग का असतो? घरची गरिबी आणि जातीची खूण शाळेच्या दारात गळून पडावी म्हणून. १९२५ साली बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापुरात वसतिगृह सुरू केले, तेव्हापासून वसतिगृह हे आपल्या चळवळीचे केवळ राहण्याचे ठिकाण नाही. ते समतेचे पहिले पाऊल आहे. कॅमेऱ्याने ते पाऊल मागे घेतले. जे गणवेशाने झाकले होते, ते त्याने उघडे केले. कुणाचा पत्रा, कुणाची ताडपत्री, कुणाच्या मागे आजारी आजी, कुणाच्या मागे भांडण. एका मुलाच्या मागे पक्के घर आणि पुस्तकांचे कपाट, तर दुसऱ्याच्या मागे उसाचा फड. मुले एकमेकांची घरे पाहत होती आणि गप्प होत होती. ज्या मुलाने कॅमेरा बंद ठेवला, तो अभ्यास टाळत होता असे आम्ही म्हणालो. कित्येकदा तो आपली प्रतिष्ठा सांभाळत होता.

आपल्या शाळेबाहेरच्या लोकांना निवासी शाळा म्हणजे कडक बंधन वाटते. पहाटेची घंटा, वंदना, अभ्यासिका, रात्री ठरल्या वेळी दिवे बंद. घरी ऑनलाइन शिकणारे मूल त्या मानाने मोकळे, असा सर्वसाधारण समज होता. आपल्या मुलींचा अनुभव नेमका उलटा निघाला. वसतिगृहाच्या घंटेने त्यांच्या अभ्यासाचे तास राखून ठेवले होते. त्या तासांत कोणी त्यांना पाणी आणायला, भाकरी करायला, धाकट्याला सांभाळायला उठवू शकत नव्हते. घंटा गेली आणि ते संरक्षणही गेले. घरातला एकुलता फोन आधी वडिलांच्या कामाला, मग भावाच्या अभ्यासाला आणि उरला तर मुलीला. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांतील मुलांचे तर गावच बदलत राहिले. काही मुली शाळा उघडल्यावर परत आल्याच नाहीत. त्यांच्या लग्नाच्या बातम्या आम्हाला उशिरा कळल्या. नियंत्रण नाहीसे होत नाही, ते एका हातातून दुसऱ्या हातात जाते, हे मी त्या वर्षी शिकलो. म्हणून एखादा नियम कडक आहे की सैल, एवढेच पाहून चालत नाही. तो कोणाच्या बाजूने उभा आहे, हे पाहावे लागते.

याचा अर्थ त्या वर्गात स्वातंत्र्य नव्हतेच असा नाही. ते होते आणि आम्हाला अनपेक्षित अशा ठिकाणी होते. तास रेकॉर्ड करून पाठवला की सावकाश शिकणारे मूल तो तीन-तीनदा ऐकत असे. चाळीस मुलांसमोर “सर, पुन्हा सांगा” म्हणण्याचे धैर्य त्याला लागत नव्हते. आपले नाव पडद्यावर कसे दिसावे, हे मुले स्वतः ठरवू शकत होती. आडनावावरून माणूस जोखण्याची सवय असलेल्या आपल्या समाजात कित्येक मुलांनी केवळ आपले नाव ठेवले, तर काहींनी अभिमानाने नावापुढे ‘जयभीम’ लिहिले. दोन्ही निर्णय त्यांचे होते. शाळेच्या पटावर असा निर्णय त्यांना कधी मिळाला नव्हता.

महाडच्या चवदार तळ्याचा पाठ शिकवून झाला, त्या रात्री मला एका विद्यार्थिनीचा खासगी संदेश आला. “सर, आमच्या गावात पाणी भरायची जागा अजून वेगळी आहे. हे वर्गात सांगितले तर चालेल का?” २० मार्च १९२७ ला जवळजवळ एक शतक होत आले असताना हा प्रश्न एका मुलीने रात्री, एकटीने, पडद्याच्या आडोशाने विचारला. मी तिला “अवश्य सांग” असे कळवले. ती पुढच्या तासाला बोलली. कॅमेरा बंद ठेवूनच बोलली, पण स्पष्ट बोलली. पुढे शाळा उघडली आणि ती पूर्वीप्रमाणे मागच्या बाकावर गप्प बसू लागली. मला वाटले होते की प्रत्यक्ष वर्गात मुले अधिक मोकळी होतील. तिच्या मौनाने मला सांगितले की माझ्या प्रत्यक्ष वर्गात अशी काही भीती होती, जी पडद्यावर नव्हती. दोष तिच्या स्वभावाचा नव्हता, माझ्या वर्गाचा होता.

येथे काही पालक आणि सहकारी एक आक्षेप घेतील आणि तो मी हलका मानत नाही. ते म्हणतील, “सर, तत्त्वज्ञान ठीक आहे. पण मोकळीक दिली की मुले खेळ खेळतात, नको ते पाहतात, आवाज बंद करून झोपतात.” हे खरे आहे. नाव पडद्यावर ठेवून क्रिकेट खेळायला गेलेली मुले आमच्याकडेही होती. मुलांच्या, विशेषतः मुलींच्या सुरक्षिततेचा प्रश्नही खरा आहे. २०२४ च्या ऑगस्टमध्ये राज्य शासनाने शाळांत सीसीटीव्ही बंधनकारक केले, ते एका भयंकर घटनेनंतर. कोणताही पालक त्या निर्णयाला निष्कारण म्हणणार नाही. मुलांना कसलेही बंधन नको, असे माझे म्हणणे नाही. पण कॅमेरा चेहरा दाखवतो, लक्ष दाखवत नाही. डोळे पडद्यावर आणि मन दुसरीकडे ठेवण्याची कला मुले दोन दिवसांत शिकतात. अशा पहाऱ्यातून जी शिस्त येते, ती पहारा उठताच जाते. केंद्राच्या ‘प्रज्ञाता’ या जुलै २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनी पहिली ते आठवीसाठी दिवसाला तीस ते पंचेचाळीस मिनिटांची फार तर दोन सत्रे आणि नववी ते बारावीसाठी चार सत्रे सुचवली होती. शाळाचालकांवर घातलेले ते बंधन मुलांच्या डोळ्यांसाठी आणि मनासाठी होते. बंधन असे असावे. जो सत्तावान आहे, त्याच्यावरही ते लागू असावे.

कायदाही हळूहळू याच दिशेने येत आहे. वसतिगृहात मोबाइल वापरावर घातलेल्या निर्बंधाविरुद्ध केरळमधील एका महाविद्यालयीन विद्यार्थिनीने दाद मागितली, तेव्हा तेथील उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१९ मध्ये इंटरनेट वापरण्याचा हक्क हा शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या हक्काचा भाग मानला. संसदेने २०२३ मध्ये केलेल्या वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवण्यास, काही अपवादांची तरतूद ठेवून, मनाई केली आहे. आपल्या मुलांचे रेकॉर्ड केलेले तास, त्यांचे चेहरे, त्यांच्या घरांची दृश्ये कोणाच्या फोनमध्ये पडून आहेत, हे आपल्यापैकी कोणी तपासले आहे काय? मी तपासले नव्हते. गेल्या वर्षी जुना फोन बदलताना ते सारे माझ्याकडे तसेच असल्याचे दिसले.

आपली शाळा बौद्ध संस्थेने चालवलेली आहे. तेव्हा शिस्तीचा विचार करताना आपल्याला दूर जाण्याचे कारण नाही. भिक्खुसंघाचा विनय आपल्यासमोर आहे. विनयाचे नियम एकदम आकाशातून उतरले नाहीत. एखादी घटना घडली, तिची चौकशी झाली, कारण सांगितले गेले आणि मग नियम झाला, असा त्यांचा इतिहास पिटकात नोंदलेला आहे. महापरिनिर्वाणापूर्वी तथागतांनी आनंदाला सांगितले की, संघाला वाटल्यास त्याने किरकोळ नियम रद्द करावेत. स्वतः घालून दिलेला नियम बदलण्याची मुभा अनुयायांना देणारा शास्ता इतिहासात विरळा. पुढे पहिल्या संगीतीत संघाने ते नियम न बदलण्याचे ठरवले, पण ठरवले ते संघाने, चर्चा करून.

आणि त्याहून महत्त्वाची ‘पवारणा’. वर्षावासाच्या शेवटी भिक्खू एकत्र येतात आणि प्रत्येक जण, अगदी ज्येष्ठ थेरसुद्धा, इतरांना विनंती करतो की माझे काही चुकलेले तुम्ही पाहिले, ऐकले किंवा तशी शंका आली असेल, तर करुणेने मला सांगा. येथे पाळत नाही असे नाही. सर्व जण एकमेकांना पाहत असतातच. पण पाहणारा आणि पाहिला जाणारा असे दोन वर्ग तेथे उरत नाहीत. संविधान सभेत २५ नोव्हेंबर १९४९ रोजी बाबासाहेबांनी भिक्खुसंघाच्या या लोकशाही कार्यपद्धतीचा गौरवाने उल्लेख केला, तो उगाच नव्हे. ‘जातिप्रथेचे निर्मूलन’ या ग्रंथातही त्यांनी नियम आणि तत्त्व यांतला भेद स्पष्ट केला आहे. नियम काय करायचे ते सांगतो आणि माणूस ते यंत्रवत करतो. तत्त्व विचार करायला लावते आणि म्हणून माणसाला जबाबदार बनवते. आम्ही ऑनलाइन वर्गात मुलांना नियम दिले, तत्त्व दिले नाही.

म्हणून माझ्या काही सूचना आहेत. संस्थेने, माजी विद्यार्थ्यांनी आणि पालकांनी त्यांचा विचार करावा. ऑनलाइन तासाला कॅमेरा चालू ठेवणे ऐच्छिक असावे आणि बंद कॅमेऱ्याची शिक्षा नसावी. हजेरी खात्यावरून नव्हे, तर मुलाने केलेल्या कामावरून, विचारलेल्या प्रश्नावरून मांडावी. एका फोनवर तीन मुले असतील तर तीन हजेऱ्या लागाव्यात. रेकॉर्ड केलेला तास कोणाकडे आणि किती दिवस राहील, हे आधी सांगावे आणि मुदत संपताच तो पुसावा. सीसीटीव्ही आवार, प्रवेशद्वार, जिने यांवर असावा. तो कोण पाहतो, हे पालकांना माहीत असावे आणि शिक्षकाने मुलांना धाक घालण्यासाठी त्याचा वापर करू नये. मागच्या बाकावरच्या मुलीसाठी वर्गात लेखी, निनावी प्रश्नांची पेटी असावी. पडद्याने दिलेला आडोसा प्रत्यक्ष वर्गानेही द्यावा. आणि वर्गाचे नियम दर सत्राच्या आरंभी मुलांसमवेत बसून, कारण सांगून ठरवावेत.

शेवटची सूचना अशी की, दरवर्षी आश्विन पौर्णिमेच्या सुमारास शाळेत पवारणेच्या धर्तीवर एक सभा व्हावी. त्या दिवशी मुख्याध्यापकांपासून सर्व शिक्षकांनी मुलांना विचारावे की, या वर्षी आमचे काय चुकले? प्रथम मुले बोलणार नाहीत. दुसऱ्या वर्षी एखादा बोलेल. तिसऱ्या वर्षी जे ऐकायला मिळेल, ते ऐकण्याची आपली तयारी हवी. बाबासाहेबांना अभिप्रेत असलेली बंधुता यापेक्षा निराळी नसावी.

सुरुवात माझ्यापासून करतो. २०२० आणि २०२१ मध्ये माझ्या ऑनलाइन तासाला बसलेले विद्यार्थी आता विशी ओलांडत आहेत. त्यांच्यापैकी अनेकांच्या हाती ही स्मरणिका पडेल. त्या काळात मी कोणाला विनाकारण गैरहजर मांडले असेल, कोणाचा आवाज बंद केला असेल, कोणाला न सोसणाऱ्या जागी कॅमेरा सुरू करायला लावला असेल, तर त्यांनी मला सांगावे. पत्राने, फोनने किंवा वर्धापनदिनी शाळेत येऊन, जसे सोयीचे वाटेल तसे. त्या तीन मुलांपैकी दोघांची हजेरी मी मागाहून नोंदवहीत दुरुस्त केली आहे. आणखी कोणाची राहिली असेल, तर तीही करावयाची आहे.